बाकावरच्या बायका

मागच्या महिन्यात धायरीच्या भागातल्या नागरिकांनी एक सत्कार ठेवला होता. गरिबाला परवडेल असा दवाखाना टिकावा म्हणून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन माणसांचा सत्कार. एक आक्का, दुसरे दामलेकाका. शाल, श्रीफळ, हार, सगळं रीतसर. मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी आयुष्यभर बायकांना ‘श्वास घे’ आणि ‘आता जोर लाव’ एवढंच सांगत आलेली बाई. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेता घेताच माझा वेळ संपला आणि सूत्रसंचालकांनी हसतमुखानं घंटी वाजवली. पुण्यात घंटीसुद्धा हसतमुखानं वाजवतात, त्यामुळे रागावताही येत नाही. जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं, म्हणून या अंकाच्या संपादकांनी विचारल्यावर लगेच हो म्हटलं. इथे घंटी नाही.

मी निवृत्त सिस्टर इन-चार्ज. धायरीच्या अंगाला एका धर्मादाय संस्थेचं लहानसं प्रसूतिगृह आहे, तिथे माझी नोकरी झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही. ती अजून चालू आहे आणि तिथल्या मुलींना अजून नोकऱ्या करायच्या आहेत. मी राहायला विश्रांतवाडीला, म्हणजे घर पुण्याच्या एका टोकाला आणि काम दुसऱ्या. मधे स्वारगेटला बस बदलायची. ‘तुझं निम्मं आयुष्य बसमध्ये बसून गेलं’ असं माझी बहीण म्हणते. बसून कसलं, उभ्यानंच गेलं.

आमच्या कामाबद्दल बाहेरच्यांच्या कल्पना सिनेमातल्या असतात. धावपळ, आरडाओरडा, गरम पाणी आणा. खरं सांगायचं तर बाळंतपणात निम्मं काम वाट पाहण्याचं असतं. बाईच्या पोटावर हात ठेवून बसायचं, कळ कधी येते, किती टिकते ते बघायचं, आणि मधूनमधून बाळाचे ठोके ऐकायचे. पूर्वी त्यासाठी एक कर्ण्यासारखी नळी असायची. एक टोक आईच्या पोटाला, दुसरं माझ्या कानाला. पुढे हातात मावेल एवढं डॉपलर आलं. त्याला छोटा स्पीकर असतो, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांना ठोके ऐकू येतात. पोटातल्या बाळाचं हृदय आपल्यापेक्षा फार भरभर चालतं. आमच्याकडच्या बायका म्हणायच्या, ‘घोडं पळतंय.’ तपासणीच्या दिवशी मी आवाज मुद्दाम मोठा ठेवायची. पोटातलं मूल ऐकताना भित्र्यातली भित्री पोरगीसुद्धा हसते. बाहेर बसलेल्या सासवांच्या कानावरही तो जायचा आणि एखादी तिथूनच ओरडायची, “सिस्टर, मुलगाच असंल न्हवं?” मी म्हणायची, “तुम्हीच घोडं म्हणालात ना? मग शिंगरू होईल!”

नाना तऱ्हेची माणसं पाहिली. एक सासूबाई पंचांग घेऊन आल्या आणि अमावस्या टळेपर्यंत थांबवता येईल का, असं विचारायला लागल्या. म्हटलं, बाळाला विचारून सांगते. एका नवरोबांनी ‘मी आत थांबणारच, आजकाल थांबतात’ असा हट्ट धरला आणि पहिल्या पाच मिनिटांतच धाडकन आडवे झाले. बायकोला एकही टाका लागला नाही, यांना भुवईवर घालावे लागले. ती बाई कळा सोसता सोसता इतकी हसली की तिचं बाळंतपण सोपं गेलं.

दामलेकाका आमच्याकडे आले ते मात्र हसायला आले नव्हते. पेठेत जन्मलेले, एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि म्हातारपणी मुलाबरोबर सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले गृहस्थ. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी दिवस भरलेली असताना आमच्या फाटकावरून परत गेली होती. वॉचमननं तिला ‘डॉक्टर नाहीत’ म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी काका छत्री घेऊन फाटकात हजर.

“डॉक्टर नाहीत, हे आपण तपासून सांगितलंत की तिच्याकडे बघून?” त्यांनी वॉचमनला विचारलं.

वॉचमननं माझ्याकडे बोट दाखवलं. काका आत आले, भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “सिस्टर, दरपत्रक कुठेही दिसत नाही. पंखा दिसतोय, पण तो फिरत नाही. डॉक्टर फिरतात, पण ते दिसत नाहीत. नक्की काय काय चालू आहे इथे?”

मला असा राग आला म्हणून सांगू! सकाळपासून तीन बायका एकटीनं सांभाळत होते. म्हटलं, “मी चालू आहे. पुढे बोला.”

काका पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पुढे आमचं कधी फारसं गोड जमलं नाही, पण एकमेकांना ओळखून राहिलो.

वॉचमनचा दोष नव्हता, त्याला तसं सांगायला वरूनच सांगितलेलं होतं. विश्वस्तांना ते प्रसूतिगृह बंद करून त्या जागी मोठं, लिफ्टवालं रुग्णालय उभारायचं होतं. आजूबाजूची शेतं जाऊन इमारती झाल्या होत्या, त्या इमारतींतली माणसं पैसे मोजू शकत होती. पण चालतं प्रसूतिगृह बंद करायचं तर कारण हवं. ‘बायका येतच नाहीत’ हे उत्तम कारण. मग आधी भूल देणारे डॉक्टर बंद केले. भूल देणारा नाही म्हणजे सिझेरियन नाही. सिझेरियन नाही म्हणजे जरा कुठे अवघड वाटलं की बाईला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. हळूहळू अवघड नसलेल्याही पाठवायला सुरुवात झाली. आमच्या डॉक्टरबाई तेवढ्या मनापासून काम करायच्या, पण त्यासुद्धा तासांवर नेमलेल्या.

आणि मग आल्या आक्का. धायरीतल्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमिनी गेल्या, बंगला आला, दारात मोठी गाडी आली, पण आक्कांचं नेसणं आणि बोलणं होतं तसंच राहिलं. प्रसूतिगृहाची जागा त्यांच्या सासऱ्यांनी दान दिलेली. स्वतःची बायको बाळंतपणाला शहरात नेताना बैलगाडीतच दगावली म्हणून दिलेली. आक्का सांगायच्या, “सासूबाईंचा फोटूबी न्हाई आमच्याकडं. ह्योच दवाखाना हाय त्यांचा फोटू म्हना.”

दामलेकाकांनी अर्जांचा मारा सुरू केला होता. धर्मादाय संस्थेवर कायद्यानं काय काय बंधनं असतात, ते त्यांना तोंडपाठ होतं. आक्कांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कागुद तुमी लिवा. म्या बसते.”

आणि खरंच येऊन बसल्या. तपासणीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. सकाळी दार उघडलं की आक्का बाकावर. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावकीतल्या दोघीजणी. मग पाळ्याच लागल्या. कुणी लसूण सोलत बसायची, कुणी लोकरीचं विणत. भांडण नाही, घोषणा नाही. फक्त बसायचं आणि फाटकातून येणारी प्रत्येक बाई आत जाते की नाही ते बघायचं. वॉचमननं ‘डॉक्टर नाहीत’ म्हटलं की बाकावरून आवाज यायचा, “असू दे. येस्तवर बसंल ती आमच्यासंगं.”

मी चिडले होते. आक्कांना म्हटलं, “हा काय एसटी स्टँड आहे?”

“सिस्टर, तुमी तुमचं काम करा. आमी बसायचं काम करतो.”

पण महिन्याभरात वॉचमनची भाषा मऊ झाली. बायका परत यायला लागल्या. पंखासुद्धा फिरायला लागला. बाकाचा नियम एकच होता आणि तो आक्कांनी सगळ्यांना पाठ करून घेतला होता, ‘हितनं एकबी बाई माघारी जायची न्हाई.’

त्या बायकांत एक मंदा होती. यवतमाळकडची, नवरा इथल्या एका कारखान्यात कंत्राटावर. पत्र्याच्या खोलीत राहायची. पहिलं मूल गावाकडे जन्मल्या जन्मल्या गेलं होतं, आता दुसऱ्यांदा दिवस होते. इथे तिला ना सासर ना माहेर. तपासणीला आली आणि बाकावरच्या बायकांनी तिला जागा करून दिली, तेव्हापासून ती त्यांच्यातलीच झाली. आपली पाळी नसली तरी येऊन बसायची. एकदा मला म्हणाली, “सिस्टर, हे बंद झालं तं मी कुठी जाऊ? मले तं दुसरं काहीच माहीत नाही.” ती काही भाषण करत नव्हती. तिला खरोखरच दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलं असतं तरी परवडलं नसतं.

या बाकानं एक गोष्ट मात्र बिघडवली, आणि ती मी सत्कारात बोलणारच होते. आमच्या धंद्यात ‘पुढे पाठवणं’ ही गोष्ट वाईट नसते. कित्येकदा तेवढीच गोष्ट बरोबर असते. वेळेवर पाठवलेली बाई घरी जाते, उशिरा पाठवलेली जाईलच असं नाही. पण आमच्या संस्थेनं टाळण्यासाठीही तोच शब्द वापरला आणि वाचवण्यासाठीही तोच. बाकावरच्या बायकांना फरक कसा कळावा? कुणाला पाठवायचं ठरलं की व्हरांड्यात कालवा, “हाकलली! आनखी एक हाकलली!” डॉक्टरबाईंचा हात चिठ्ठी लिहिताना अडखळायला लागला. मला त्याची भीती वाटायची. मी आक्कांना दोनदा बजावलं. त्या म्हणायच्या, “व्हय, कळतंय. पर एकदा ढील दिली की पुन्हा समद्याच माघारी जातील.” त्यांचंही चूक नव्हतं.

अशात आक्कांच्या सुनेला दिवस राहिले. पल्लवी. आयटी कंपनीत नोकरी, हुशार, बोलायला मोकळी. एका विश्वस्तांनी कुठल्याशा लग्नात चारचौघांत म्हटलं, “लोकांच्या पोरी धर्मादाय दवाखान्यात आणि स्वतःची सून पंचतारांकित रुग्णालयात. बघालच तुम्ही.” ते आक्कांच्या कानावर आलं. आक्का घरात काही बोलल्या नाहीत. पण चार दिवसांनी पल्लवीच माझ्यासमोर येऊन बसली.

“सिस्टर, माझं नाव घाला. मी इथेच डिलिव्हर होणार आहे.”

“आक्कांनी सांगितलं?”

“नाही हो. आईंनी एका शब्दानं नाही सांगितलं. माझी मम्मी तर रडतेय, म्हणते तिथे एसी नाही. मी म्हटलं, मम्मी, चिल. पण मला एक सांगा, जी जागा आपण लोकांसाठी बेस्ट म्हणतो, ती आपल्याला चालत नसेल तर आपण खोटंच बोलतोय ना?”

तिची प्रकृती चांगली होती, सगळं नीट होतं. म्हटलं, ये. बाकावर तर दिवाळीच झाली. मंदा आणि पल्लवी, दोघींची पोटं एकदमच वाढत होती. दोघी शेजारी बसायच्या. पल्लवी मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करायची आणि मंदा तिला गावाकडच्या गोष्टी सांगायची.

पल्लवीला कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळीच विश्वस्तांनी आक्का आणि दामलेकाकांना शहरातल्या कार्यालयात बोलावलं होतं. खूप दिवसांनी बैठक मिळाली होती आणि प्रसूतिगृहाचं काय करायचं त्याचा निर्णय त्यातच होणार होता. आक्कांचा पाय निघेना. पल्लवीच म्हणाली, “आई, तुम्ही जा. परत याल तोवर नातवंड आलेलं असेल.” मीही म्हटलं, जा, पहिलटकरीण आहे, वेळ लागेल.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. व्हरांड्यात बाकावर, पायऱ्यांवर, नळाजवळ, जिकडे तिकडे बायका. कुणी डिंकाचे लाडू आणलेले. मग पल्लवीची पाणमोट फुटली आणि माझा हात थांबला. पाणी स्वच्छ नव्हतं, हिरवट होतं. म्हणजे बाळानं आतच शी केलेली. ते दर वेळी वाईटच असतं असं नाही, पण कान टवकारायचे असतात. मी डॉपलर लावलं. कळ आली आणि घोडं मंदावलं. कळ गेली तरी ते लगेच उठेना. पुढच्या कळेला पुन्हा तसंच. पल्लवीला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरबाईंना हाक मारली. त्यांनी तपासलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “सिझेरियन लागणार, सिस्टर. लगेच. आणि आपल्याकडे भूल द्यायला कोणी नाही.”

आमची रुग्णवाहिका मागेच उभी असायची. मोठ्या रुग्णालयाला फोन केला, पल्लवीच्या नवऱ्याला गर्दीतून रस्ता काढायला मोटारसायकल घेऊन पुढे चौकात थांबायला सांगितलं आणि स्ट्रेचर काढलं. एवढं होईपर्यंत बातमी व्हरांड्यात पोचली होती. गाडीत पल्लवीला ठेवलं, मी शेजारी बसले, ड्रायव्हरनं गाडी फाटकाकडे वळवली आणि करकचून ब्रेक लावला.

फाटकात बायका बसल्या होत्या. जमिनीवर, पदर खोचून, एकमेकींचे हात धरून. सगळ्यांत पुढे मंदा, तेवढं मोठं पोट घेऊन.

मी खाली उतरले. “अगं उठा! काय चाललंय हे?”

“न्हाई उठायचो,” एकजण म्हणाली. “आक्का तिकडं भांडतीया आन तुमी हिकडं तिच्याच सुनंला हाकलताय व्हय? आज पाठवली की उद्या टाळंच लागलं!”

“विश्वस्तांचाच डाव हाय ह्यो!” दुसरी.

मंदानं नुसती मान हलवली. नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या.

मी ओरडले, समजावलं, हात जोडले. आक्कांना फोन लावला तर बंद, बैठकीत होत्या. दामलेकाकांचाही तसाच. त्या बायका वाईट नव्हत्या हो. ज्यांच्यावर जीव, त्यांच्यासाठीच बसल्या होत्या. त्यांना जे शिकवलं होतं ते त्या अगदी चोख करत होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात त्यांच्या लाडक्या आक्काचं नातवंड गुदमरत होतं. माझ्या आयुष्यात एवढी हतबल मी कधीच झाले नव्हते.

मग मी बोलणं सोडलं. मी गाडीत चढले, मागची दोन्ही दारं सताड उघडली, पल्लवीच्या पोटावर डॉपलर लावलं आणि आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला.

“ऐका,” म्हटलं. “तुम्हाला माहीत आहे हे कसं वाजतं. ऐका.”

पल्लवीला कळ आली, तिनं स्ट्रेचरच्या कठड्याची कांब घट्ट धरली. ठोके यायला लागले. भरभर, मग सावकाश, मग आणखी सावकाश. दोन ठोक्यांच्या मधे नको तेवढी जागा. कळ ओसरली तरी तसंच. त्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी आपल्या पोटातलं घोडं ऐकलेलं होतं. कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

“आगं बया,” कुणीतरी पुटपुटलं.

सगळ्यांत आधी मंदा उठली. तिला उठता येत नव्हतं, ती हातावर रेलून गुडघ्यांवर आली आणि तशीच बाजूला सरकली. मग मागच्या सगळ्या. फाटक मोकळं झालं. गाडी निघाली तेव्हा मी मागे पाहिलं. मंदा भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात स्वतःच्या पोटावर.

सिंहगड रस्त्याची गर्दी मी सांगायला नको. चौकात थांबलेला पल्लवीचा नवरा मोटारसायकलवरून पुढे हात हलवत, ओरडत रस्ता काढत होता. पोचलो. आत घेतलं. मी बाहेर उभी. काही वेळानं आतून रडणं ऐकू आलं, आधी बारीक, मग चांगलं खणखणीत. मुलगी. मी भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडून घेतलं.

तिकडे बैठकीत काय झालं ते दामलेकाकांनी नंतर सांगितलं. चर्चा ऐन रंगात असताना एका विश्वस्तांना प्रसूतिगृहातून फोन आला. फोन ठेवून ते आक्कांकडे वळले. “आत्ताच कळलं, तुमच्या सूनबाईंना मोठ्या रुग्णालयात हलवलंय. तुमच्या घरच्यांनाच तिथे राहता येत नसेल, तर आम्ही ते चालू का ठेवावं?”

आक्का ताडकन उभ्या राहिल्या. “पोर कशी हाय?”

“ते काही त्यांनी सांगितलं नाही.”

त्यावर दामलेकाका म्हणाले, “ती गेली हे कळलं, ती कशी आहे हे विचारावंसं वाटलं नाही. आपल्या संस्थेचं याहून थोडक्यात वर्णन मला अर्जात जमलं नसतं.”

आक्कांनी चपला पायात घातल्या होत्या. दारातून त्या मागे वळल्या. “भूल द्याचा डॉक्टर तुमी काडला. त्यो असता तर माजी पोर घरापाशी बाळात झाली असती. माजं नाक कापलं म्हणून खुशाल सांगा गावात. पर डॉक्टर आना. माज्या सुनंला गाडी मिळाली, दवाखाना मिळाला. ज्यांना न्हाई मिळायचा त्यांचं काय करनार, ते ठरवा.” आणि निघून आल्या.

लाज वाटली की पेपरवाल्यांची भीती, कोण जाणे. पण पुढच्याच आठवड्यात भूल देणारे डॉक्टर बोलावल्यावर येतील अशी व्यवस्था झाली आणि प्रसूतिगृह चालू ठेवायचं ठरलं. वरच्या मजल्यावर पैसेवाल्यांच्या खोल्या मात्र झाल्याच. दामलेकाका त्याला आजही विजय म्हणत नाहीत. ‘तह’ म्हणतात. सत्कारात ‘ऐतिहासिक यश’ असा शब्द आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

आक्कांचं म्हणाल तर, नातीला पाहून परत आल्यावर त्या बाकावर बसल्या आणि सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं आता एकेकीची हजेरी घेणार. तर त्या म्हणाल्या, “चुकी माजी हाय. म्याच शिकिवलं तुमास्नी. आजपासनं डॉक्टरबाई म्हनल्या जायाचं, की जायाचं. पर एकटीनं न्हाई. बाकावरची एक बाई गाडीत संगं जाईल, आन तिला खाट मिळाल्याबिगर हलायची न्हाई.” तेव्हापासून ते तसंच चालू आहे. आमच्या डॉक्टरबाईंचा हात पुन्हा अडखळला नाही.

फक्त मंदा आली नाही. बाकावर नाही, तपासणीलाही नाही. निरोप पाठवले, उत्तर नाही. महिना उलटला, तिचे दिवस भरत आले. शेवटी आक्का स्वतः तिच्या खोलीवर गेल्या. काय बोलल्या ते कुणालाच सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “पोरगी लाजंनं घरातच बाळात व्हायला निघाली हुती.”

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मंदा कळा सोशीत फाटकातून आत आली. नवरा मागे पिशवी घेऊन. आणि त्या दिवशी बाकावर पाळी होती पल्लवीची. तान्ही मुलगी मांडीवर घेऊन बसलेली. मंदानं तिला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मी म्हटलं, “चल गं, आत चल.” ती हलेना. तिनं हात जोडले.

पल्लवीनं बाळ शेजारणीच्या हातात दिलं आणि उठून तिच्यापाशी आली. “मंदा, एकच सांग. तुला तर ठाऊक होतं, मला त्रास होतोय. तरी का बसलीस गाडीपुढे?”

मंदाला कळ आली होती. तिनं ती दात आवळून जाऊ दिली.

“ताई, मले वाटलं,” ती म्हणाली, “तुमच्यासारख्याच इथून गेल्या, तं आमच्यासाठी कोन उभं राहीन?”

पल्लवीनं मंदाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातानं कमरेला धरलं आणि तिला सावकाश आत घेऊन आली. सबंध बाळंतपणभर ती तिथून हलली नाही. बाहेर तिची मुलगी दुधासाठी रडायला लागली तेव्हा मी म्हटलं, जा, पाजून ये. ती म्हणाली, “इथेच आणून द्या.”

दुपारी मंदाला मुलगा झाला. नाळ कापून मी त्याला आईच्या छातीवर ठेवला, तेव्हा शेजारच्या खुर्चीत पल्लवी आपल्या मुलीला पाजत बसली होती.